लसीचं कार्ड ट्रंकेत टाकू नका: जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंतच्या लसी आणि तपासण्या

शाळेत पाचवीच्या मुलांना टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला आरोग्य विभागाची माणसं येणार असली, की आम्ही पालकांकडे जुनं लसीचं कार्ड मागतो. उत्तर बरेचदा ठरलेलं असतं, "बाई, ते माहेरीच राहिलं." आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे जन्माच्या लसी आणि दीड महिन्याचा डोस आटपाडीत, अडीच महिन्यांचा सासरी तासगावात, आणि पुढे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी बिऱ्हाडच तमिळनाडूत. दीड वर्षाचा बूस्टर झाला की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं.

पण पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी लस आहेच. डोळे, दात, रक्त आणि वाढ यांच्या तपासणीकडे तर शाळेत जायला लागल्यावरच जास्त लक्ष द्यावं लागतं. पुढचं सगळं सांगली जिल्ह्यातली घरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. सरकारी वेळापत्रक देशभर जवळपास तेच आहे.

आधी कार्ड ताब्यात घ्या

माता व बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक लसीपुढे तारीख लिहिलेली हवी. नुसती बरोबरची खूण असेल तर सिस्टरांकडून तारीख लिहून घ्या, कारण पुढच्या डोसचं अंतर तारखेवरून ठरतं. पुढे कधी यायचं तेही तिथेच लिहून घ्या. मग कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नवरा-बायको दोघांच्या फोनमध्ये ठेवा. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतली कागदपत्रं लगदा होऊन गेली. रेशनकार्डाची दुसरी प्रत निघते, पण लसीच्या तारखा पुन्हा गोळा करणं जिकिरीचं.

आता यू-विन या सरकारी पोर्टलवरही मोबाईल नंबरावर बाळाची नोंद होते आणि प्रमाणपत्र काढता येतं. नोंद करताना जो नंबर कायम राहणार आहे तोच द्या. माहेरच्या भावाचा नंबर दिला की पुढे ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो नेमका ड्युटीवर असतो.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांची कार्डं तर वेगवेगळ्या लिप्यांतली. जतच्या सुनांचं माहेर बऱ्याचदा अथणी किंवा विजापूरकडचं, त्यांच्याकडे कर्नाटकातलं तायी कार्ड असतं. लिपी परकी असली तरी लसींची लघुनावं आणि तारखा सहसा ओळखता येतात. इथल्या उपकेंद्रात ते कार्ड दाखवा आणि नोंदी इथल्या कार्डावर उतरवून घ्या. परराज्यातल्या कार्डावर जेई असं लिहिलेलं दिसलं तर ती जपानी मेंदूज्वराची लस आहे. ती ठरावीक जिल्ह्यांतच देतात, म्हणून इथल्या बाळांच्या कार्डावर नसते.

कार्ड हरवलंच असेल तर जिथे लस दिली त्या उपकेंद्राचं रजिस्टर बघायला सांगा. आशाताईंच्या यादीतही नाव सापडतं. कुठेच नोंद नसेल तर ती लस दिलेली नाही असं धरून डॉक्टर पुढचं ठरवतात. चुकून एखादा डोस जास्त झाला तर सहसा बिघडत नाही. राहिला तर मात्र बिघडतं.

डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, हेही लक्षात ठेवा. अडीच महिन्यांचा डोस पाच महिन्यांनी घेतला तरी पहिला डोस मोजला जातो, तिथूनच पुढे जायचं. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत, एवढंच. "आता उशीर झाला, लाज वाटते" म्हणून लसीकरणाच्या सत्राला न जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. सिस्टर दोन शब्द बोलतील, पण लस देतील.

पहिली दीड वर्षं

जन्मल्यावर तीन गोष्टी: क्षयावरची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ बीची लस. यातली हिपॅटायटिस बीची लस २४ तासांच्या आत लागते, म्हणून दवाखान्यातून घरी सोडण्याआधी ती दिली का हे विचारून घ्या. बाळ कमी दिवसांचं असलं तरी पुढच्या लसींचं वय जन्मतारखेपासूनच मोजतात. वजन फारच कमी असेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तसं करा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिने, म्हणजे ६, १०, १४ आठवडे. तिन्ही वेळा पेंटा, पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची, रोटाव्हायरसची तोंडाने द्यायची लस. पेंटाच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर, न्यूमोनिया) या पाच आजारांपासून संरक्षण असतं. दीड आणि साडेतीन महिन्यांना यात दोन सुया वाढतात: न्यूमोनियावरची पीसीव्ही आणि दंडावर कातडीत टोचायची पोलिओची लस. त्यामुळे अडीच महिन्यांना एकच सुई आणि बाकीच्या दोन वेळा तीन-तीन. सासूबाई दारातच विचारतात, "एवढ्याशा जिवाला एकदम तीन?" त्यांना सांगायचं ते हे: बाळाचं शरीर दिवसभर कितीतरी जंतूंशी आपापलं लढत असतं, तीन लसी त्याला जड नाहीत. तीन वेगवेगळ्या दिवशी नेलं तर रडणं तिप्पट, हेलपाटे तिप्पट, आणि एखादी सुटण्याची शक्यताही तिप्पट.

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, कातडीत टोचायच्या पोलिओचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला चमचा. तो पोलिओचा तिसरा डोस २०२३ पासून वाढला आहे, म्हणून मोठ्या भावंडाच्या कार्डावर तो दिसणार नाही. गोवराचा डोस लांबवू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा पालकांची धावपळ आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. जीवनसत्त्व अ पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ वेळा. हे नऊ कुणी पूर्ण करत नाही. अंगणवाडीताईंकडे विचारत राहिलात तर होतात.

सत्राच्या दिवशी

आपल्या गावात सत्र कोणत्या वारी असतं ते आशाताईंकडून आधीच कळतं. सकाळी लवकर जा. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पूड पाण्यात मिसळली की ती बाटली चार तासच वापरता येते, नंतर टाकून द्यावी लागते. दुपारी चारला धापा टाकत पोचलात तर सिस्टरांचा नाइलाज होतो.

बघायचं असेल तर बाटलीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस थंडाव्यात राहिलेली आहे. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली वापरत नाहीत. सिस्टर ते बघतातच, पण तुम्ही विचारलंत तर कुणी रागावत नाही. सुई आणि सिरिंज प्रत्येक मुलाला नवी, एकदाच चालणारी असते.

बाळाला टेबलावर पालथं-उताणं करू नका. आईच्या मांडीवर उभं धरून, हात-पाय हळूच आवळून घ्या. अंगावर पाजत असताना सुई दिली तर बाळ कमी रडतं. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, बीसीजी डाव्या दंडात. हे माहीत असेल तर रात्री कुठली जागा सुजली ते नेमकं सांगता येतं.

साधी सर्दी, थोडा खोकला, कणकण, दात येणं, पातळ शी यांपैकी कशासाठीही लस लांबवायची गरज नाही. जोराचा ताप असेल किंवा बाळ मलूल असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मागच्या डोसनंतर झटका आला असेल, श्वास लागला असेल, किंवा बाळाची प्रतिकारशक्ती कमी असल्याचं निदान असेल तर सुई भरण्याआधीच सिस्टरांना सांगा. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित कुणाला तीव्र अॅलर्जी झाली तर ती बहुधा याच वेळात दिसते आणि औषध तिथे हाताशी असतं.

घरी आल्यावर

पेंटानंतर पहिल्या रात्री ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. एक-दोन दिवसांत उतरतं. तापाचं औषध सिस्टर सांगतील त्या मापाने द्या. पॅरासिटामॉलचं माप वजनावर ठरतं: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. आता इथे नीट वाचा. बाजारात थेंबांची बाटली मिळते ती बरेचदा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमची असते, आणि सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं. पाच किलोच्या बाळाला त्या थेंबांचं अर्धा मिलिलिटर पुरतं. कुणी थेंबांच्या बाटलीतून सिरपसारखा चमचा भरून पाजला तर डोस दहापट होतो. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, फुटतो, आणि व्रण राहतो. हे व्हायलाच हवं. सांगली हळदीची पेठ असली तरी त्या फोडावर हळद लावायची नाही. मलम, पावडर, शेक यातलंही काही नको. मांडीत गाठ राहिली तर काही आठवड्यांत विरते. चोळू नका.

ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं, झटका आला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा बाळ निपचित पडलं तर उगाच उद्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

लसीच्या फेरीत तपासणीही करून घ्या

लोक सुई टोचून घेतात आणि परततात. खरं तर त्याच खुर्चीवर वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून घेता येतो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, हे ढोबळ माप. एका महिन्याच्या आकड्यावर जीव टांगू नका, कार्डावरच्या आलेखाची रेघ वर जाते आहे का ते पाहा. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. अंगणवाडीताईंकडे ती रंगीत पट्टी असते.

विकासाकडे कसं बघायचं? दोन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसतं. चार महिन्यांना मान धरतं, आठ-नऊ महिन्यांना आधाराविना बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं, दोन वर्षांना "आई पाणी" असे दोन शब्द जोडून बोलतं. वर्षाचं बाळ नावाने हाक मारली तर वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर "याचे बाबाही उशिरा बोलले" यावर विसंबू नका. आधी ऐकू येतं का ते तपासा. नवजात बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी, कारण ऐकू न येणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत मदत सुरू झाली तर बोलणं खूप सुधारतं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या तीस दिवसांत नेत्रतज्ज्ञांनी पाहायलाच हवा. हा एक मुद्दा असा आहे की उशीर झाला तर दृष्टी परत आणता येत नाही. मुलग्याच्या वृषणाची गोळी पिशवीत उतरलेली नसेल तर सहा महिन्यांना सर्जनकडे.

सरकारी की खासगी

सरकारी लस कमी दर्जाची असते हा समज काढून टाका. खासगीतली "ताप न येणारी" लस बाळाला सोपी जाते हे खरं, पण डांग्या खोकल्यापासून जास्त काळ टिकणारं संरक्षण जुन्या, ताप आणणाऱ्या लसीचंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सुरुवातीच्या डोसांसाठी तिलाच पसंती देते. माझं मत विचाराल तर एका रात्रीच्या तापासाठी पैसे मोजू नका.

पैसे मोजायचेच असतील तर जे सरकारी यादीत नाही त्यावर मोजा. विषमज्वराची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांनंतर. गालगुंड सरकारी गोवर-रुबेलाच्या लसीत नाही, त्यासाठी एमएमआर लागते. कांजिण्या आणि कावीळ ए. दमा असणाऱ्या मुलाला दरवर्षी फ्लूची लस. यातलं काय आधी घ्यायचं हे घरच्या ऐपतीवर आणि मुलाच्या तब्येतीवर. मी विषमज्वर पहिला धरेन. विहिरीचं आणि टँकरचं पाणी पिणाऱ्या गावांत तो रेंगाळतो. दोन्हीकडे लस घेत असाल तर कार्ड एकच ठेवा आणि दोन्ही ठिकाणी तेच दाखवा.

पाचव्या ते सोळाव्या वर्षात

पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर. पहिलीत नाव घालतानाच घेऊन टाका. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. ती बऱ्याचदा पाचवी आणि दहावीच्या वर्गात शाळेतच देतात. त्या दिवशी मुलं न्याहारी करून आलेली असावीत. किशोरवयात सुईनंतर भोवळ येऊन पडणं नेहमीचं, म्हणून त्यांनाही अर्धा तास बसवून ठेवायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर हे ते शोधतात. हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, तिरळेपणा सापडला तर पुढचे उपचार मोफत होतात. पथकाने चिठ्ठी दिली की ती दप्तरात कुजू देऊ नका. सांगलीचं किंवा मिरजेचं सिव्हिल आपल्याला काही लांब नाही. विनाअनुदानित इंग्रजी शाळांतली मुलं मात्र या पथकाच्या यादीत नसतात. फी भरूनही त्यांची तपासणी राहते, आणि पालकांना वाटतं शाळेने केली असेल. त्यांनी वाढदिवसाच्या महिन्यात स्वतः डॉक्टरांकडे न्यायचं ठरवून टाकावं.

डोळ्यांचं थोडं सविस्तर सांगते. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचा ९ वहीत १ लिहायचा. घरचे म्हणत, धांदरट आहे. पथकाच्या तक्त्यापुढे उभा केला तर वरच्या दोन ओळींखाली त्याला काही दिसेना. मुलाला कमी दिसतं हे मूल कधीच सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, टीव्हीजवळ सरकणं, मान वाकडी करून बघणं, डोळे बारीक करणं याकडे लक्ष द्या. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावा. एका डोळ्यानेच कमी दिसत असेल तर ते असंच सापडतं. आळशी डोळ्याचा, म्हणजे नीट वापर न झाल्याने नजर कमी राहिलेल्या डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर जास्त गुण येतो, म्हणून तिरळा डोळा नशिबाचा असतो म्हणत थांबू नका.

दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू देतात. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते ती कायमची असते, ती कुठल्या दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. त्यामुळे आयांना ती दुधाचीच वाटते आणि ती आधी किडते.

रक्त. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली नको. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी येते, ती चावून खायची. मुलग्यांचं रक्त कुणी तपासत नाही. तपासा. वर्षातून एकदा उंची, वजन आणि रक्तदाबही बघा. शाळेतून येताना रोज वडापाव आणि कोल्ड्रिंक असेल तर जास्तच.

वयात येण्याबद्दल: मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलग्याला नऊच्या आत खुणा दिसू लागल्या तर डॉक्टरांना दाखवा. मुलीला तेराव्या आणि मुलग्याला चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल नसेल, किंवा पंधरा होऊनही पाळी आली नसेल, तरीही दाखवा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे मुलांशी एकांतात बोलतात. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसायची तयारी ठेवा. मिश्री, गुटखा, परीक्षेची भीती, झोप न लागणं, हे आईबापांसमोर निघत नाही. दहावीच्या वर्षात मूल एकदम गप्प झालं तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरची एचपीव्हीची लस नऊ वर्षांपासून घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस २०२३ पासून आहे. बालरोगतज्ज्ञ चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सांगतात, पंधरानंतर तीन. म्हणून सातवी-आठवीतच घेतली तर एक डोस वाचतो. सरकारी केंद्रात मुलींसाठी ती सुरू आहे का, हे आधी आशाताईंना विचारा. लग्नाच्या वयाशी या लसीचा संबंध लावून कुजबुजणाऱ्यांना काय बोलायचं ते बोलू द्या.

सोळाव्या वर्षाची टीडी झाली की त्याची तारीखही कार्डावर लिहून घ्या. पुढे शेतात विळा लागला किंवा मोटारसायकलवरून पडून खरचटलं, की गावातल्या दवाखान्यात पहिल्यांदा धनुर्वाताचं इंजेक्शन पुढे येतं. सगळे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा पाच वर्षांच्या आतला असेल तर ते लागत नाही. जखम स्वच्छ आणि छोटी असेल तर दहा वर्षांपर्यंत चालतं. फोनमधला कार्डाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. बारावीनंतर नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांकडे कॉलेज हिपॅटायटिस बीच्या डोसांची नोंद मागतं, तेव्हाही हाच फोटो लागतो.